गेटवेवर नजर कशी ठेवाल आणि चाव्या कोणाच्या हाती द्याल?

नेरळपासून खोपोलीपर्यंत आणि कशेळ्यापासून चौकपर्यंत घरोघरी इंटरनेट पुरवणारे तुमच्यापैकी बरेच जण मूळचे केबलवाले. खांबावर चढून टीव्हीची वायर ओढणारे हात आता फायबर स्प्लाइस करतात आणि वसुलीच्या वहीच्या जागी पॅनल आले आहे. काम बदलले तसे प्रश्नही बदलले. तुमच्याकडून येणाऱ्या विचारणांत दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. एक म्हणजे, "मॉनिटरिंगचे सॉफ्टवेअर बसवले, पण त्यात इतक्या ओळी आणि इतके अलार्म येतात की आता ते उघडावेसेच वाटत नाही." आणि दुसरी, "लाइनमनला ग्राहक चालू आहे की बंद, एवढेच दाखवायचे आहे. पण लॉगिन दिले की सगळेच उघडते."

काय पाहायचे आणि कोणी पाहायचे हे ठरवण्याआधीच सॉफ्टवेअर सुरू झाले, की या दोन्ही अडचणी येतात. म्हणून आधी ते ठरवू या. खर्च फारसा नाही, दोन-तीन संध्याकाळी मात्र बसावे लागेल.

गेटवे म्हणजे तुमच्याकडचे कोणते यंत्र?

ज्या यंत्रावर ग्राहकाचे लॉगिन पोहोचते, त्याचा वेग ठरतो आणि जिथून तो बाहेरच्या इंटरनेटवर जातो, ते तुमचे गेटवे. मोठ्या कंपन्या त्याला बीएनजी म्हणतात, जुने लोक बीआरएएस. छोट्या चालकाकडे ते काम बहुधा मायक्रोटिकचा एखादा राउटर करतो. त्याच्या खाली ओएलटी, स्प्लिटर आणि ग्राहकाच्या घरातला ओएनयू, तर बाजूला रेडियस सर्व्हर. ग्राहकाचे नाव, पासवर्ड, प्लॅन आणि तो कधी आला, कधी गेला याची नोंदवही रेडियसकडे असते. गेटवे दारावर उभा असतो आणि आत सोडायचे की नाही, हे रेडियसला विचारून ठरवतो. पुढचे सगळे समजायला एवढे पुरे.

प्रत्येक ग्राहकाची ओळ मॉनिटरिंगमध्ये घेऊ नका

सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. पीपीपीओईने ग्राहक जोडला गेला की गेटवेवर त्याच्या नावाचे एक तात्पुरते इंटरफेस तयार होते. तो तुटून पुन्हा आला की नवे तयार होते आणि त्याचा क्रमांकही बदलतो. लिब्रेएनएमएस किंवा झॅबिक्ससारख्या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरला तुम्ही गेटवेवरचे सगळे शोधायला सांगितले, तर ते या हजार-दोन हजार इंटरफेसांमागे धावत राहते. दर पाच मिनिटांची फेरी पाच मिनिटांत पुरी होत नाही, आलेखात भोके पडतात आणि गेटवेच्या प्रोसेसरवर विनाकारण ताण येतो. वर प्रत्येक ग्राहकाने राउटर बंद केला की "इंटरफेस डाउन"चा अलार्म. रात्री अकराला शेकडो घरांतले राउटर बंद होतात, तेव्हा काय होत असेल याची कल्पना करा.

उपाय सोपा आहे. इंटरफेसच्या नावात पीपीपीओई असेल तर ते वगळायचे, असा नियम सॉफ्टवेअरच्या शोधयादीत घाला. लिब्रेएनएमएसमध्ये नको असलेली इंटरफेस वगळण्याची सोय कॉन्फिगमध्ये आहे. झॅबिक्समध्ये ती डिस्कव्हरी नियमाच्या फिल्टरमध्ये मिळेल. एकेका ग्राहकाचा वापर पाहायचा असेल तर रेडियसच्या अकाउंटिंग नोंदी वापरा, त्या त्यासाठीच असतात. गेटवेवर एकूण बेरीज पाहावी आणि माणूस रेडियसमध्ये शोधावा.

मग गेटवेवर पाहायचे काय?

- एकूण चालू सेशन. हा एकच आकडा नीट पाहिला तरी निम्मे काम होते. तो पाच मिनिटांत दहाव्या हिश्श्याने घसरला, तर कुठेतरी काहीतरी तुटले आहे.
- अपलिंकवरची वाहतूक. इथे एक जुना सापळा आहे. ३२ बिटांचा मोजक एक गिगाबिटच्या भरल्या लिंकवर ३४ सेकंदांत शून्यावर येतो. पाच मिनिटांनी वाचलेला आकडा मग खोटा निघतो आणि लिंक भरलेली असताना आलेख अर्धी रिकामी दाखवतो. ६४ बिटांचे मोजक वापरा. एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत ते मिळत नाहीत, दुसरी किंवा तिसरी लागते.
- प्रोसेसरचा प्रत्येक कोअर वेगळा. सरासरी तीस टक्के दिसते आणि एक कोअर शंभरावर अडकलेला असतो. संध्याकाळी ग्राहकांना वेग का मिळत नाही, याचे उत्तर पुष्कळदा इथे सापडते.
- रेडियसला उत्तर द्यायला लागणारा वेळ. रेडियस बंद पडला तरी आधी जोडलेले ग्राहक चालू राहतात, म्हणून बिघाड तासभर लक्षातच येत नाही. नवे लॉगिन मात्र एकही होत नाही.
- आयपी पूल आणि नॅटची भरती. पूल संपला की शेवटचे काही ग्राहक फक्त "कनेक्ट होत नाही" म्हणून फोन करत राहतात.
- तापमान आणि बॅटरीचे व्होल्टेज. जून ते सप्टेंबर या भागात वीज किती वेळा जाते, हे तुम्हाला सांगायला नको. इन्व्हर्टर अजून तासभर तग धरेल की दहा मिनिटे, हे आधी कळले तर जनरेटर वेळेत पोहोचतो.

आणखी एक गोष्ट. वीज परत आली की एका फिडरवरचे सगळे ओएनयू एकाच क्षणी सुरू होतात आणि सगळे एकदम लॉगिन मागतात. रेडियसचा सर्व्हर कमजोर असेल तर तो या गर्दीत गुदमरतो, उत्तर न मिळालेले राउटर पुन्हा पुन्हा विचारतात आणि गर्दी वाढतच जाते. वीज आल्यानंतर वीस मिनिटे इंटरनेट येत नाही, ही तक्रार तुमच्याकडे येत असेल तर त्या वीस मिनिटांतला रेडियसचा आलेख आधी पाहा.

वीज गेली की फायबर तुटली, हे घरबसल्या ओळखा

माथेरानला गाड्या दस्तुरीपर्यंतच. तिथून पुढे लाइनमन पायी. वर पोहोचून कळावे की फक्त वीज गेली होती, तर त्याचा अर्धा दिवस वाया. खांडसच्या अंगाला किंवा एखाद्या लांबच्या वाडीवर गेलात तरी तेच.

बहुतेक ओएनयू वीज जाताना शेवटचा एक संदेश पाठवतात. त्याला डाइंग गॅस्प म्हणतात आणि तो ओएलटीच्या नोंदीत दिसतो. म्हणजे:

- एका पॉन पोर्टवरचे सगळे ओएनयू गेले आणि बहुतेकांचा शेवटचा संदेश आला, तर वीज गेली आहे. महावितरणला फोन करा, माणूस पाठवू नका.
- सगळे गेले आणि संदेश एकाचाही नाही, तर मुख्य फायबर तुटली आहे. जेसीबी कुठे चालू आहे ते आधी विचारा. पनवेल-कर्जत रेल्वेच्या कामाने आणि रस्ते रुंदीकरणाने या भागात किती खोदाई झाली, ते तुम्ही पाहिलेच आहे.
- एकच गेला, संदेश नाही आणि घरात ओएनयूवर लाल दिवा, तर ड्रॉप वायर किंवा घरातला कनेक्टर.

शिवाय प्रत्येक ओएनयूवर पोहोचणाऱ्या प्रकाशाची नोंद रोज एकदा ठेवा. जीपॉनच्या नेहमीच्या ऑप्टिक्समध्ये उणे २७ डीबीएमच्या आसपास मर्यादा संपते, म्हणून उणे २५ला इशारा लावावा. त्या आकड्यापेक्षा त्याची घसरण जास्त बोलते. जूनमध्ये उणे २१ असलेला ओएनयू जुलैत उणे २४वर आला, तर जॉइंटच्या डब्यात पाणी शिरले असावे. एकाच डब्यावरचे आठही ओएनयू असेच घसरले असतील तर खात्रीच. ग्राहकाचा फोन येण्याआधी डबा बदलून होतो.

शनिवार-रविवारचे माप वेगळे ठेवा

कर्जतच्या फार्महाउसांचा भाग ज्यांच्याकडे आहे, त्यांचा आलेख शुक्रवारी रात्री चढतो आणि रविवारी संध्याकाळी उतरतो. खोपोलीच्या कामगार वस्तीतला याच्या अगदी उलट दिसू शकतो. त्यामुळे "ऐंशी टक्के झाले की अलार्म" असा एकच नियम दोन्हीकडे लावू नका. आजच्या शनिवारची तुलना मागच्या शनिवारशी करा.

अलार्मांना वडीलधारेपण द्या. चौकच्या ओएलटीकडे जाणारी लिंक गेली तर त्या लिंकचाच एक अलार्म यायला हवा, मागच्या चाळीस उपकरणांचे चाळीस नकोत. कोणते उपकरण कोणावर अवलंबून आहे हे लिब्रेएनएमएस आणि झॅबिक्स या दोन्हींत सांगता येते. आणि अलार्म पाठवणारा संगणक तुमच्याच लिंकवर असेल, तर लिंक गेल्यावर अलार्म कसा बाहेर जाणार? त्याला दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड लावलेले छोटे राउटर द्या.

"आधीच लॉगिन आहे" म्हणून अडकलेला ग्राहक

गेटवे वीज जाऊन धाडकन बंद पडला की सेशन संपल्याची नोंद रेडियसकडे जातच नाही. वहीत ग्राहक आतच आहे आणि प्रत्यक्षात तो दाराबाहेर उभा आहे. एका नावावर एकच लॉगिन असा नियम असेल तर त्याला नकार मिळतो. रेडियसची मधली नोंद दर १० ते १५ मिनिटांनी येऊ द्या आणि तीन नोंदी चुकल्या की सेशन आपोआप मिटवा. त्याहून घाईने नोंदी मागवू नका. रेडियसच्या मानकातही ६०० सेकंदांपेक्षा कमी अंतर टाळावे, असेच म्हटले आहे.

तरीही असे फोन येतातच आणि ते फोन घेणाऱ्या व्यक्तीकडे सेशन मिटवण्याचे एक बटण लागते. आता इथून अधिकारांचा विषय सुरू होतो. ते एक बटण देता येत नाही म्हणून लोक पूर्ण अ‍ॅडमिन लॉगिन देऊन टाकतात.

रिकामा बंगला कोणता, हे तुमच्या पॅनलला माहीत असते

पॅनलमधली माहिती फार महत्त्वाची नाही, ग्राहकाचे नाव आणि नंबर तर लाइनमनला ठाऊकच असतो, असे तुम्ही म्हणाल. पण जरा पॅनल उघडून पाहा. कोणते सेशन सोमवारपासून बंद आहे, कोणते रोज सकाळी नऊला थांबून संध्याकाळी सातला सुरू होते, कोणत्या घरी रात्री एकच उपकरण चालू असते. पत्ता आणि मोबाइल नंबर तिथेच शेजारी. कर्जतच्या बाहेर आठवडाभर कुलूप असलेल्या बंगल्यांची यादी करायची असेल, तर यापेक्षा चांगली यादी कोणाकडेही नाही. एकट्या राहणाऱ्या बाईचा नंबर आणि ती कधी घरी असते, हेही त्यातून कळते.

तुमची माणसे वाईट आहेत असे मी म्हणत नाही. पण दहा जणांच्या हातात एकच लॉगिन असेल आणि त्यातले दोघे सोडून गेलेले असतील, तर माहिती कोणाकडून बाहेर गेली हे तुम्ही कधीच सांगू शकणार नाही. मग निर्दोष माणसावरही संशय येतो. वेगळे लॉगिन हे तुमच्या लाइनमनचेही संरक्षण आहे, हे त्याला समजावून सांगा. मग त्याला ते अपमान वाटत नाही.

कोणाला किती अधिकार द्यावा?

पाहण्याचा अधिकार आणि बदलण्याचा अधिकार वेगळा ठेवा. आणि पाहण्यातही "सगळे" आणि "आपल्या भागातले" असे दोन भाग करा.

- लाइनमन: आपल्या भागातले ग्राहक, ओएनयू चालू की बंद, प्रकाशाची पातळी. आज नेमून दिलेल्या तक्रारीचाच पत्ता आणि नंबर. ओएनयू बदलल्यावर मॅक रीसेट. रिचार्ज नाही, पासवर्ड पाहणे नाही.
- फोन घेणारी व्यक्ती: ग्राहक शोधणे, सेशन मिटवणे, तक्रार नोंदवणे, नवा पासवर्ड लावणे. जुना पासवर्ड दिसता कामा नये. पूर्ण यादी एक्सेलमध्ये उतरवणे नाही.
- वसुली करणारा: थकबाकी आणि रिचार्ज. कनेक्शन कधी चालू असते, याच्याशी त्याचा संबंध नाही.
- नेटवर्क पाहणारा: गेटवे आणि ओएलटीचे सगळे आलेख. बदल करण्याचे लॉगिन वेगळे, रोजच्या पाहण्याचे वेगळे.
- हिशोबनीस: पावत्या आणि करांचे अहवाल.
- सॉफ्टवेअर विकणारा: काम असेल त्या दिवशी लॉगिन, काम संपले की बंद. त्याने तुमच्या संगणकावर कायमचे एनीडेस्क ठेवले असेल तर आजच काढा.
- मालक: पूर्ण अधिकार तुमच्याकडे आणि तुमच्या गैरहजेरीत पाहणाऱ्या एका विश्वासाच्या माणसाकडे. दोघांचे लॉगिन वेगळे. तिसरा कोणी नको.

यादी उतरवून घेण्याचा अधिकार सर्वांत जपून द्या. एकेक ग्राहक पाहणाऱ्याचा माग काढता येतो. एकदा एक्सेल फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर गेली की ती परत आणता येत नाही.

सॉफ्टवेअर तीन, सापळे वेगवेगळे

*लिब्रेएनएमएस.* इथे साधा युजर, सगळे फक्त पाहू शकणारा ग्लोबल रीड आणि अ‍ॅडमिन अशा पायऱ्या आहेत. साध्या युजरला तुम्ही उपकरण किंवा पोर्ट नेमून देईपर्यंत काहीही दिसत नाही. "लॉगिन झाले पण पान रिकामे" ही तक्रार येते ती यामुळेच, सॉफ्टवेअर बिघडलेले नसते. घाईने त्याला ग्लोबल रीड देऊ नका. नेरळच्या माणसाला नेरळचीच ओएलटी नेमून द्या.

*झॅबिक्स.* इथे परवानगी एकेका माणसाला मिळत नाही, युजर गटाला होस्ट गटावर मिळते. म्हणून आधी होस्टचे गट भागवार करा: कर्जत-दहिवली, नेरळ, खोपोली, चौक. एखादा युजर दोन गटांत असेल आणि एका गटाला एखाद्या भागाची मनाई असेल, तर मनाईच जिंकते. सुपर अ‍ॅडमिनला मात्र कोणतीही मनाई लागत नाही. झॅबिक्स बसवताना येणारे मूळचे नाव-पासवर्ड साऱ्या जगाला ठाऊक आहेत, ते पहिल्या दिवशीच बदला.

*मायक्रोटिक.* सर्वांत फसवे इथे. युजरांचे रीड, राइट आणि फुल असे तीन तयार गट मिळतात. रीड म्हणजे नुसते पाहणे असे वाटते, पण अनेक आवृत्त्यांत रीड गटाला राउटर रीबूट करण्याची, वाहतूक टिपण्याची आणि लपवलेली संवेदनशील माहिती पाहण्याचीही मुभा असते. ग्राहकांचे पीपीपीओई पासवर्ड राउटरवरच ठेवले असतील तर तेही दिसतात. म्हणून तयार गट वापरू नका. नवा गट करा, त्यात फक्त वाचणे आणि विनबॉक्सची परवानगी ठेवा आणि त्या लॉगिनने स्वतः आत जाऊन काय काय दिसते ते तपासा. दुसऱ्याच्या लॉगिनने आत शिरून पाहिल्याशिवाय कोणतीही परवानगी लागू झाली असे मानू नका.

बाहेरची दारे बंद करा

२०१८ साली मायक्रोटिकच्या विनबॉक्समध्ये एक गंभीर दोष सापडला. कंपनीने एप्रिलमध्येच दुरुस्ती दिली. पण ज्यांनी ती लावली नाही, त्यांच्या राउटरमधली नावे-पासवर्ड बाहेरून वाचता आले आणि जगभरातले लाखो राउटर त्या वर्षी परक्यांच्या हाती गेले. विनबॉक्सचे ८२९१ हे पोर्ट इंटरनेटवर उघडे असणे, हाच त्या घुसखोरीचा रस्ता होता. ते आजही अनेक ठिकाणी उघडे असते, कारण "घरून बघायला सोयीचे पडते". घरून बघायचे असेल तर व्हीपीएन लावा.

एसएनएमपीची दुसरी आवृत्ती वापरत असाल तर तिची किल्ली, म्हणजे कम्युनिटी, उघड्या मजकुरात फिरते. "पब्लिक" हा शब्द तर कोणीही आधी वापरून पाहतो. तो बदला, फक्त वाचण्यापुरतीच परवानगी ठेवा आणि फक्त मॉनिटरिंगच्या संगणकाच्या पत्त्यालाच उत्तर द्यायला सांगा. यंत्राला जमत असेल तर ओळख आणि गुप्तता या दोन्हींसह तिसरी आवृत्ती लावा.

बॅकअपची फाइलही लक्षात ठेवा. तिच्यात सगळे पासवर्ड असतात आणि ती बहुधा कोणाच्या तरी लॅपटॉपवर डेस्कटॉपवर पडलेली असते.

माणूस काम सोडतो तेव्हा

त्याच दिवशी हे करा, दुसऱ्या दिवशी नको:

- त्याचे पॅनल, मॉनिटरिंग, ओएलटी आणि गेटवेवरचे लॉगिन बंद करा. काढून टाकू नका. काढले की त्याने केलेल्या बदलांच्या नोंदींवरचे नावही काही सॉफ्टवेअरमध्ये जाते.
- व्हीपीएनची किल्ली रद्द करा.
- सर्वांना ठाऊक असलेले जे काही पासवर्ड उरले असतील, विशेषतः ओएलटीचा आणि ओएनयूच्या अ‍ॅडमिन पानाचा, ते बदला.
- अलार्म येणाऱ्या आणि तक्रारींच्या गटांतून त्याला काढा.
- एपीआयची चावी त्याने तयार केली होती का, हे पाहा. लॉगिन बंद झाले तरी ती स्वतंत्रपणे चालू राहू शकते.

नोंदी, घड्याळ आणि पोलिसांचा फोन

सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवणाऱ्यांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस भारतात जपून ठेवायच्या आहेत, सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची आहे आणि घड्याळे एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी किंवा तिच्याशी जुळणाऱ्या वेळेशी जुळवायची आहेत. दूरसंचार परवान्याच्या अटींत डिसेंबर २०२१च्या दुरुस्तीपासून कॉल आणि आयपीच्या तपशिलांची नोंद किमान २ वर्षे ठेवणे आले. तुम्ही फ्रँचायझी असाल तर ही परवान्याची जबाबदारी वरच्या कंपनीची. पण नॅट तुमच्या गेटवेवर होत असेल तर ती नोंद तुमच्याकडूनच जायची. ती कोण ठेवणार, हे करारात लिहून घ्या.

घड्याळाचा मुद्दा किरकोळ समजू नका. एका सार्वजनिक आयपीमागे चौसष्ट घरे असतील आणि तुमचे घड्याळ चार मिनिटे पुढे असेल, तर फसवणुकीच्या तपासाची नोटीस भलत्याच घरी जाते. शक्य असल्यास प्रत्येक ग्राहकाला पोर्टांचा ठरलेला गट द्या. १०२४ ते ६५५३५ या पोर्टांचे चौसष्ट भाग केले तर प्रत्येकी १००८ येतात. नोंदीचा आकार कमी होतो आणि माग चुकत नाही.

पोलिसांकडून नुसता फोन आला किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला, तर नम्रपणे लेखी नोटीस मागा. माहिती हजर करण्याची नोटीस आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४खाली येते. ती परवानाधारक कंपनीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे पाठवा आणि उत्तर तिथूनच जाऊ द्या. संभाषण किंवा वाहतूक टिपण्याची गोष्ट तर याहून फार वेगळी. तिचा आदेश सर्वसाधारणपणे केंद्राच्या किंवा राज्याच्या गृह सचिवांच्या पातळीवरून निघतो. तुमच्या एखाद्या माणसाने ओळखीखातर कोणाचे सेशन पाहून सांगितले, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७२अ लागू होऊ शकते. करार मोडून वैयक्तिक माहिती दिल्यास त्यात ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही आहेत. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा माहिती नीट जपण्याचे बंधन घालतो आणि छोटा धंदा म्हणून त्या जपणुकीतून आपोआप सूट मिळेल, असे धरून चालू नका.

वरच्या कंपनीकडे तुम्ही काय मागू शकता?

फ्रँचायझीच्या पॅनलमध्ये तुमचे अधिकार कंपनी ठरवते, म्हणून ते करारातच नमूद करून घ्या. तुमच्या भागातल्या ग्राहकांची सेशन पाहणे, ती मिटवणे, मॅक रीसेट करणे आणि तुमच्या अपलिंकचा आलेख पाहणे एवढे मिळायलाच हवे. त्याशिवाय तुम्हाला सेवा देता येणार नाही. तुमच्या हाताखालच्या लोकांसाठी वेगळी लॉगिन करण्याची सोयही मागा. "एका फ्रँचायझीला एकच लॉगिन" असे कोणी म्हणत असेल तर पासवर्ड गावभर फिरण्याची व्यवस्था तिथेच होते, हे त्यांना लेखी कळवा. कोणी काय बदलले याची नोंद तुम्हाला दिसावी. कंपनीच्या माणसाने तुमच्या ग्राहकाचा प्लॅन बदलला, तर तेही त्यात आले पाहिजे.

तुमच्या ग्राहकाचे हक्क तुम्हीच त्याला सांगा

तक्रार घेतली की क्रमांक द्यायचा. कंपनीच्या तक्रार केंद्राने समाधान केले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक न्यायालयात चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२मध्ये स्पष्ट केले. ग्राहकाने "माझी माहिती कोणाकोणाला दिसते?" असे विचारले तर तुमच्याकडे उत्तर तयार असावे. वरची भूमिकांची यादी कागदावर लिहून कार्यालयात लावली, तर ते उत्तर भिंतीवरच असेल.

पावसाळ्याच्या तोंडावर तुम्ही इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या तपासता, तारांवर आलेल्या फांद्या छाटता. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी पॅनल, मॉनिटरिंग, ओएलटी आणि गेटवे या चारही ठिकाणच्या युजरांच्या याद्या काढा. जो आज तुमच्याकडे कामाला नाही त्याचे लॉगिन बंद करा आणि "अ‍ॅडमिन" या नावाने सर्वांनी वापरायचे जे लॉगिन आहे त्याचा पासवर्ड तिथल्या तिथे बदला.